धुळीवरील खटला

दिवाळीपूर्वीं घर झाडावयास काढलें कीं कोणाला तरी शिंकांचा सपाटा सुरू होतो, आणि सारा दोष धुळीच्या माथीं मारून आपण मोकळे होतों. धुळीवरील हा खटला दिसतो तितका साधा नाहीं. त्याचा निकाल लागावयास चारशें वर्षें गेलीं.

१५५२ सालीं इटलीचा नामांकित वैद्य जिरोलामो कार्दानो हा स्कॉटलंडांत एडिंबरोस गेला. रोगी होता सेंट अँड्र्यूजचा आर्चबिशप जॉन हॅमिल्टन. दम्यानें तो जेरीस आला होता. कार्दानोनें त्याच्या आहारनिद्रेची बारकाईनें चौकशी केली आणि इतर उपचारांबरोबर त्याचा पिसांचा बिछाना काढवून रेशमाचा घालावयास लावला. हॅमिल्टनला चांगलाच उतार पडला. पिसांनीं शरीर फाजील तापतें, ही कार्दानोची उपपत्ति आज कोणी मानणार नाहीं. पण बिछाना गेला हें उत्तम झालें. वैद्यकाच्या इतिहासांत हात पुष्कळदां शहाणा असतो आणि डोकें मागून रखडत येतें. (आर्चबिशप पुढें १५७१ सालीं गेला तो फांसावर, राजकारणापायीं; दम्यानें नव्हे.)

डोकें आलें तें फार उशिरा. १९०६ सालीं व्हिएन्नाच्या फॉन पिर्के यांनीं 'अॅलर्जी' हा शब्द घडविला. १९२१ मध्यें फिलाडेल्फियाचे कर्न व पुढच्याच वर्षीं न्यूयॉर्कचे कुक यांनीं घरांतील धूळ दम्याचें कारण असल्याचें दाखविलें. आरोपी सांपडला, पण धूळ ही काय एक वस्तु आहे? कापूस, लोकर, केस, बुरशी यांचा तो घरोघर निराळा काला. शिवाय हॉलंडांतील लायडन येथें स्टॉर्म व्हान लीउवेन यांना असें आढळलें कीं, तेथील दमेकरी आल्प्सच्या उंच, कोरड्या हवेंत सुधारतात. धूळ काय आल्प्सवर नसते?

हा प्रश्न लोंबकळत असतांना मधल्या काळांत भलताच आरोपी उभा केला गेला. शिकागोचे फ्रान्झ अलेक्झांडर प्रभृति मनोविश्लेषकांनीं मुलाच्या दम्याचें मूळ आईशीं असलेल्या त्याच्या संबंधांत शोधलें. रात्र रात्र लेंकराला मांडीवर घेऊन बसलेल्या किती माउल्यांनीं हा ठपका मुकाट्यानें सोसला असेल! मला तर कार्दानोची तापलेलीं पिसें याहून पुष्कळ निरुपद्रवी वाटतात.

अखेर १९६० नंतरच्या दशकांत लायडनच्याच फोर्होर्स्ट, स्पीक्स्मा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं धुळींतला खरा अपराधी मुख्यतः एक माइट आहे असें दाखवून दिलें. कोळ्याच्या गोत्रांतील हा आठ पायांचा जीव मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. त्याचें शास्त्रीय नामकरण १८९७ सालींच होऊन गेलें होतें. त्याच्यावर संशय मात्र क्वचितच कोणी घेतला. माणसाच्या अंगावरून झडलेल्या त्वचेच्या कोंड्यावर तो जगतो. पाणी तो पीत नाहीं. हवेंतील ओल शोषून घेतो, आणि हवा कोरडी झाली कीं सुकून मरतो. आल्प्सचें कोडें असें उलगडलें. दमा उठतो तो प्रामुख्यानें त्याच्या विष्ठेच्या कणांनीं. ऊब, घामाची ओल आणि कोंडा हीं तिन्ही एकत्र मिळण्याचें ठिकाण म्हणजे आपली गादी. घर कितीहि लखलखीत असलें तरी ती सुटत नाहीं.

हे कण तसे जड. झाडूनें उडाले तरी थोड्याच वेळांत खालीं बसतात. उशींत तोंड खुपसून आपण आठ तास काढतों, तेव्हां मात्र ते अगदीं नाकाशींच असतात. गाद्या कडक उन्हांत टाकण्याचा आपल्याकडील जुना परिपाठ आमच्या इमारतींत गच्चीला कुलूप लागल्यापासून बंद पडला आहे.