डोळ्यांचा आकार आणि आयमेकअप : एकच विंग सगळ्यांना का शोभत नाही?

रील बघून अगदी तसंच आयलायनर लावलं, दोन्ही बाजू जुळवता जुळवता अर्धा तास गेला आणि डोळे उघडले तर लायनर गायब! दुपारपर्यंत त्याचाच काळा ठसा वरच्या पापणीवर उमटलेला. असं होत असेल तर लगेच स्वतःच्या हाताला दोष देऊ नका. बऱ्याचदा ते तंत्र तुमच्या डोळ्यांसाठी नसतंच. म्हणूनच व्यावसायिक मेकअप आर्टिस्ट ब्रश उचलण्याआधी डोळ्यांचा आकार बघतात.

आकार ओळखायचा कसा?

दिवसाच्या उजेडात, भुवया न उचलता आरशात सरळ बघा. हे 'भुवया न उचलता' महत्त्वाचं, कारण मेकअप करताना आपण नकळत त्या उचलतो आणि मोजमाप चुकतं.

आता वरच्या पापणीवर घडी दिसते का, ते बघा. पापणी उचलणाऱ्या स्नायूचे तंतू त्वचेला जिथे जोडलेले असतात, तिथे ही घडी पडते. ती मुळातच नसेल किंवा अगदी पुसट असेल, तर त्या डोळ्यांना मोनोलिड म्हणतात. पूर्व आशियात आणि आपल्या ईशान्य भारतात असे डोळे सर्रास दिसतात. घडी आहे, पण भुवईखालची त्वचा तिच्यावर उतरून ती झाकते, तर डोळे हुडेड. बुबुळाच्या वर किंवा खाली पांढरा भाग दिसत असेल तर गोल, आणि बुबुळ दोन्ही पापण्यांना टेकत असेल तर बदामी. बाहेरचा कोपरा आतल्या कोपऱ्यापेक्षा खाली असेल, तर डोळे खाली झुकलेले.

एकाच व्यक्तीत दोन प्रकार असू शकतात. हुडेड आणि खाली झुकलेले ही जोडी तर नेहमीचीच.

गडद मागे, फिकट पुढे

सगळं तंत्र या एका नियमावर उभं आहे. गडद, मॅट रंग लावलेला भाग आत गेल्यासारखा वाटतो, तर फिकट आणि चमकदार रंग लावलेला भाग पुढे येतो. त्यामुळे खोल डोळ्यांच्या पापणीवर फिकट शेड लावतात आणि घडीत गडद रंग टाळतात, कारण तिथे सावली आधीच असते. पुढे आलेल्या डोळ्यांना याच्या उलट करतात : पापणीवर मध्यम ते गडद मॅट शेड, चकाकी जवळपास नाहीच.

हुडेड डोळे : सगळ्यात जास्त फसगत इथे

बहुतेक ट्युटोरियलमध्ये 'घडीत गडद शेड लावा' असं सांगतात. हुडेड डोळ्यांत ती शेड डोळे उघडताच त्वचेखाली लपते. त्यामुळे डोळे उघडे ठेवून, खऱ्या घडीच्या किंचित वर मॅट तपकिरी शेड लावायची आणि वरच्या दिशेने पसरवायची. म्हणजे समोरून बघणाऱ्याला तीच घडी वाटते.

विंगचंही तसंच. डोळे मिटून काढलेली सरळ विंग उघडल्यावर घडीत मोडते. म्हणून सरळ समोर बघत आधी विंगचं टोक काढायचं, मग ती रेषा घडीवरून पापणीच्या केसांपर्यंत आणायची. डोळे मिटल्यावर मध्ये एक खाच दिसते, जरा विचित्रच! पण डोळे उघडले की रेषा अखंड दिसते. वटवाघळाच्या पंखासारखा आकार होतो, म्हणून या तंत्राला 'बॅट विंग' म्हणतात.

पापणीवर मात्र लायनर बारीकच हवं, नाहीतर उरलीसुरली जागाही तेच खाऊन टाकतं. ठसा उमटू नये म्हणून आधी प्रायमर आणि वर हलकी पावडर. जाड पट्टीच्या कृत्रिम पापण्यांपेक्षा बाहेरच्या अर्ध्या भागात लावलेले छोटे झुबके बरे.

वय वाढतं तशी भुवईखालची त्वचा सैल होते. विशीत बदामी असलेले डोळे पन्नाशीत हुडेड होऊ शकतात. लग्नात नवरीचाच लूक नवरीच्या आईलाही करून टाकतात, तेव्हा तो अनेकदा जड दिसतो, त्याचं एक कारण हे.

बाकीचे आकार थोडक्यात

मोनोलिडवर रंग खालून वर फिकट होत नेला की छान दिसतो, आणि लायनरची जाडी डोळे उघडून ठरवायची. गोल डोळ्यांना बाहेरच्या कोपऱ्यात गडद शेड आणि बाहेर ओढलेली रेषा लांबी देते. खाली झुकलेल्या डोळ्यांत कोपरा यायच्या थोडं आधीच रेषा वर वळवायची. डोळे जवळ असतील तर आतला कोपरा उजळ ठेवायचा, दूर असतील तर आतल्या बाजूलाही थोडा रंग द्यायचा. बदामी डोळ्यांना जवळपास काहीही चालतं. नशीब एकेकाचं!

आणि आपलं काजळ?

खालच्या पापणीच्या आतल्या कडेवर भरलेलं काळं काजळ डोळे लहान दाखवतं, हे खरं. पण म्हणून लहान डोळ्यांनी काजळ सोडावं, हे मला पटत नाही. कडेच्या आत फिकट पेन्सिल आणि खालच्या केसांलगत काजळ हलकंसं पसरवलं, तरी काम होतं.

पार्लरमध्ये हे जरूर बघा

एकच मस्कारा ब्रश सगळ्यांच्या डोळ्यांना लावला तर संसर्ग पसरू शकतो. प्रत्येकीसाठी नवा ब्रश मागा, त्यात संकोच कसला? घरचा मस्कारा साधारण 3 महिन्यांनी बदला. कॉन्टॅक्ट लेन्स मेकअपच्या आधी घाला आणि मेकअप काढण्याआधी उतरवा. हस्तकलेचं ग्लिटर डोळ्यांजवळ नको, त्याचे कण बुबुळाला ओरखडे पाडू शकतात. काही पारंपरिक सुरम्यांमध्ये शिसं आढळलं आहे, त्यामुळे सुटा, लेबल नसलेला सुरमा टाळा, लहान मुलांना तर लावूच नका.

आणखी एक. जन्मापासूनचा आकार वेगळा आणि अचानक झालेला बदल वेगळा. एक पापणी अचानक खाली उतरली, एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, तर तातडीने डॉक्टर गाठा. डोळे पुढे येत चालल्यासारखे वाटत असतील, तर थायरॉईडची तपासणी करून घ्या.