सुगीतला वाटा

आपल्या नगर जिल्ह्यात बाजरी खळ्यावर आली की ख्रिस्ती मंडळींत उपकारस्तुतीचा सण होतो. बाया धान्य, भाजी, अंडी, कोंबडीसुद्धा चर्चमध्ये आणतात. त्याचा लिलाव होतो आणि पैसा मंडळीच्या कामाला, गरजूंना जातो.

नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं. १८९९ साली पावसाने दगा दिला, सुगीच आली नाही. त्या दुष्काळात मिशनने पोरक्या मुलांना आसरा दिला. लक्ष्मीबाई टिळकांनीही अशी मुलं घरी सांभाळली. म्हणजे खळं रिकामं असतानाही वाटा निघाला.

आम्ही गटातल्या बाया महिन्याला बचत टाकतोच. यंदा प्रत्येकीने शेरभर बाजरीही बाजूला काढू. गावातल्या एकट्या म्हातारीची चूल त्यावर पेटेल.