बैल जुंपलेली फोर्ड

वर्धा स्टेशनवर उतरून सेवाग्रामला जाणाऱ्या पाहुण्याला आज डांबरी सडक मिळते. १९३६ साली तसे नव्हते. त्या वर्षी ३० एप्रिलला गांधीजी वर्ध्याहून शेगावला राहावयास गेले ते पायी. (शेगावचे सेवाग्राम झाले १९४० साली; कारण साधे होते, बुलढाण्याकडच्या शेगावशी गल्लत होऊन टपाल तिकडे जाई.) महादेवभाई देसाई काही काळ मगनवाडीतून रोज पायपीट करीत. उन्हाळ्यात ते निभे. पण आपल्याकडच्या काळ्या मातीचा पावसाळा ज्याने पाहिला आहे त्याला अधिक सांगावयास नको. पाहुणे टांग्याने, दमणीने किंवा बंडीने येत. याच मंडळींच्या येण्याजाण्यात एक विलक्षण वाहन होते. जमनालाल बजाज यांची जुनी फोर्ड मोटार, आणि तिच्या पुढे जुंपलेली बैलजोडी! थट्टेने तिचे नाव पडले ‘ऑक्सफर्ड’. ऑक्स म्हणजे बैल आणि पुढे फोर्ड. खुद्द गांधीजी तीत बसले आहेत.

हसून सोडून द्यावे असेच हे वाटते. पण वर्षानुवर्षे पडून असलेली अमेरिकन मोटार विकत घेऊन तिला पुन्हा उभे करण्याचा नाद आज पुष्कळांना लागला आहे, आणि त्या नादातला सर्वांत अवघड प्रश्न या बैलांच्या फोर्डमध्ये दडलेला आहे, असे मला वाटते.

प्रथम या मोटारी आपल्याकडे आल्या कशा ते पाहू. हेन्री फोर्डची ‘मॉडेल टी’ १९०८ ते १९२७ पर्यंत निघाली. दीड कोटीच्या घरात. गाडी उंच, चाके मोठी, रचना साधी. खेड्यातल्या लोहारालाही तिच्याशी बोलता येई. पुढे १९२७च्या अखेरीस ‘मॉडेल ए’ आली. मौज अशी की आपण ज्यांना अमेरिकन मोटारी म्हणतो त्या फोर्डगाड्या हिंदुस्थानात येत त्या कॅनडातून. ब्रिटिश साम्राज्यातला, खुद्द इंग्लंड वगळून, बहुतेक मुलूख फोर्डच्या कॅनडातील कंपनीकडे होता. १९२६ साली हिंदुस्थानात फोर्डची कंपनी निघाली ती तिचीच शाखा. दोनच वर्षांनी, १९२८ साली, जनरल मोटर्सने मुंबईला शिवडीत गाड्या जोडण्याचा कारखाना घातला आणि शेव्हरोलेटला बाजार मिळाला. हिंगणघाट, आर्वी, पुलगाव हा कापसाचा मुलूख. जिनाच्या मालकाकडे आणि मालगुजाराकडे पैसा आला की वाड्यात मोटार येई, आणि ती बहुधा अमेरिकनच असे. इंग्रजी गाडी बुटकी. आपल्या चाकोऱ्यांत तिचे पोट घासे.

मग त्या थांबल्या का? दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर रेशन आले. कोणी मागे भट्टी बसवून कोळशाच्या गॅसवर गाडी चालवली, कोणी ती झाकून ठेवली. युद्ध संपले; पण ३१ मार्च १९५१ रोजी मध्यप्रदेशातील मालगुजारी गेली. ज्याच्या दारात मोटार होती त्याचे उत्पन्नच आटले. आणि १९५३-५४च्या सुमारास सरकारने धोरण आखले की येथे सुटे भाग बनवणार असाल तर राहा, नुसत्या पेट्या उघडून गाड्या जोडणार असाल तर जा. फोर्ड आणि जनरल मोटर्स दोघेही गेले. त्यानंतर एखादा दाता तुटला की गाडी कोठ्यात जाई. वर कडबा, आत कोंबड्या.

अशीच एक मोटार माझ्या एका स्नेह्याने गेल्या काही वर्षांत घेतली. जिल्ह्यातल्या एका खेड्यातील मोडकळीस आलेल्या वाड्यात ती होती. मॉडेल ए, उघड्या टपाची. मी उत्साहाने बरोबर गेलो आणि पहिली चूक मीच केली. हँडल दिसताच ते लावून फिरवू लागलो. पुढ्यात उभ्या असलेल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने माझा हात धरला. “साहेब, आता ती मेलेली नाही, तुम्ही माराल.” त्याचे म्हणणे अगदी बरोबर होते. वर्षानुवर्षे उभ्या यंत्रात पिस्टनच्या कड्या सिलिंडरला गंजाने चिकटतात. जोर केला की कडी तुटते, नाही तर भिंतीला चरा पडतो. त्याने चारही प्लग काढले, भोकांतून रॉकेल आणि तेल सोडले आणि आम्हांला घरी धाडले. आठ-आठ दिवसांनी तो नुसता हात लावून पाही. दुसऱ्या महिन्यात यंत्र केसभर हलले. हँडल फिरवताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावयाचा, मुठीत आवळावयाचा नाही, हेही त्यानेच शिकवले. उलटा झटका बसला तर अंगठाच जातो.

बाकीचे हाल सांगण्यासारखे नाहीत. पायाखालच्या फळ्या आणि टपाच्या लाकडी कमानी वाळवीने खाल्लेल्या. तारांवरचे सुती वेष्टन उंदरांनी नेलेले. पेट्रोलची टाकी या गाडीत चालकाच्या समोर, काचेच्या खाली असते आणि पेट्रोल आपल्या वजनानेच उतरते. त्या टाकीत राळेसारखा थर. ब्रेकला तेल नाही, नुसत्या सळया. वीज सहा व्होल्टची, आणि जमिनीला जोडलेली बाजू ऋण नसून धन. हे ठाऊक नसलेला मिस्त्री तारा उलट्या लावून मोकळा होतो. मॉडेल एचे सुटे भाग अमेरिकेत आजही नवे बनतात, तेव्हा आम्ही निर्धास्त होतो. पण आमचे स्टेअरिंग उजवीकडे! त्या बाजूचे भाग अमेरिकेत कोठून मिळणार? कॅनडाची कंपनी ऑस्ट्रेलियालाही गाड्या पुरवीत असे, म्हणून तिकडे शोध करावा लागला.

कागदांची कथा निराळीच. गाडी जागची हलली नाही, पण तिच्याखालचे राज्य हलले: मध्यप्रांत व वऱ्हाड, मग मध्यप्रदेश, १९५६ साली द्विभाषिक मुंबई, १९६० साली महाराष्ट्र. आता २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये पडतात आणि रोजच्या वापराला ती गाडी काढता येत नाही. मूळ कागद नसतील तर मात्र गाडी घेण्याआधी दहादा विचार करावा. गंज काढता येतो, मालकी हक्काचे भांडण काढता येत नाही.

आता मूळ प्रश्न. चासी घासून साफ केली तेव्हा पुढच्या टोकाला दोन्ही अंगांना मोठी भोके निघाली. कारखान्याची नव्हेत, हाताने पाडलेली, वेडीवाकडी. गावातल्या एका वृद्ध बाईंनी सांगितले, “लढाईच्या दिवसांत तिला बैल लावत होते ना जी. बाईमाणसं लग्नाला तीतच जात.”

असे जगात अन्यत्रही घडले आहे. मंदीच्या काळात कॅनडातील शेतकऱ्यांनी पेट्रोल परवडेना म्हणून मोटारींतले यंत्र काढून त्यांना घोडे जुंपले आणि त्या वाहनाला तेव्हाच्या पंतप्रधानांचे नाव देऊन ‘बेनेट बग्गी’ म्हटले. तेथे तो राग होता. वर्ध्यात मात्र त्यात विनोद होता, आणि थोडा विचारही. ज्या आश्रमातून ग्रामोद्योगांचा पुरस्कार होत होता तेथे यंत्राच्या गाडीला बैल लावण्यात कोणालाही कमीपणा वाटला नाही. खुद्द फोर्डने १९४१च्या जुलैत गांधीजींना आदराचे पत्र लिहिले; ते टी. ए. रामन या पत्रकाराच्या मार्फत डिसेंबरात पोचले आणि उलट भेट म्हणून गांधीजींच्या सहीचा चरखा त्याच्याकडे गेला. मोटारवाल्याने चरखा जपून ठेवला.

माझ्या स्नेह्याचे म्हणणे, गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवशीसारखी करावयाची, म्हणजे भोके भरून, घासून, वर रंग. पत्र्याचे काम करणाराही तयार होता. मी विरोध केला. त्या दिवशीची गाडी कॅनडातली. ती हजारोंनी आहे. ही भोके मात्र आपल्या जिल्ह्यातली आहेत. त्यावर स्नेह्याचे उत्तरही खोटे नव्हते: पैसे त्याचे, घाम त्याचा, आणि लोखंड कमजोर झाले असेल तर रस्त्यावर जीव त्याचा. दोन आठवडे आमचे बोलणे बंद होते.

शेवटी मिस्त्रीने मार्ग काढला. आतल्या अंगाने जाड पट्टी रिव्हेटने बसवून चासी भक्कम केली, बाहेरून भोके तशीच. रंग लावताना त्याने त्यांच्या कडांना तेवढे तेल लावले, गंज चढू नये म्हणून. यंत्र मागच्या दिवाळीत एकदा बोलले, धूर सोडला आणि थांबले. कार्बुरेटर पुन्हा उघडला आहे.