तीन व्यंजनांचा हिशेब

तेल अवीवच्या हॉटेलात जेवण झाल्यावर ‘खेशबोन’ म्हटलं, की वेटर बिल आणून ठेवतो. मराठी माणसाने हा शब्द जरा कान देऊन ऐकावा. आपल्या ‘हिशेबा’चा तो चुलतभाऊ!

हिब्रूत बहुतेक शब्दांचा सांगाडा व्यंजनांचा, तीही बहुधा तीनच. इथे ती आहेत ख-श-ब. गाभ्याचा अर्थ मोजणे, विचार करणे. स्वर बदलायचे, मागेपुढे एखादं अक्षर जोडायचं, की नवा शब्द तयार. ‘खाशाव’ म्हणजे त्याने विचार केला (स्वरामागून आलेला ‘ब’ इथे ‘व’ होतो). ‘मखशावा’ म्हणजे विचार, ‘खाशुव’ म्हणजे महत्त्वाचा. बरोबरच आहे, बिनमहत्त्वाचा माणूस आपल्याकडेही खिजगणतीत नसतो.

स्वरांचे साचेही ठरलेले. त्यातला एक अवजारांचा: आधी ‘म’, शेवटच्या दोन व्यंजनांमध्ये ‘ए’. स-र-क म्हणजे विंचरणे, म्हणून ‘मसरेक’ म्हणजे कंगवा. विसाव्या शतकात संगणक आला, तेव्हा हिब्रूने परका शब्द उसना न घेता जुना धातू याच साच्यात ओतला: ‘मखशेव’. झकास काम!

अरबीत हाच धातू ह-स-ब. हिब्रूचा ‘श’ तिथे ‘स’ होतो, जसं शालोम आणि सलाम. अरबी ‘हिसाब’ फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि ‘हिशेब’ झाला. हा ‘श’ मात्र हिब्रूचा नव्हे, मराठी जिभेचा.