सहा, चार, दोन, शून्य

बोटीच्या प्रॉपेलरला पाती किती असावीत? घरच्या सीलिंग फॅनला तीन, मग बोटीलाही तीन, असं म्हणून मोकळं होता येईल. पण 'एसएस ग्रेट ब्रिटन' या एकाच जहाजाने या प्रश्नाची बरीच उत्तरं देऊन पाहिली.

तर झालं असं. १८४० साली इझम्बार्ड ब्रुनेल हा इंजिनिअर ब्रिस्टलमध्ये हे प्रचंड लोखंडी जहाज बांधत होता. दोन्ही बाजूंना मोठाली चाकं बसवायची ठरली होती. तेवढ्यात 'आर्किमिडीज' नावाची प्रॉपेलरवाली बोट तिथे आली. ब्रुनेलने तिला निरनिराळे प्रॉपेलर लावून चाचण्या घेतल्या, आणि चाकांचं डिझाइन चक्क रद्द केलं!

१८४५ साली जहाज अटलांटिकवर निघालं ते सहा पात्यांनिशी. व्यास साडेपंधरा फूट. पण लोखंडाचे तुकडे रिव्हेटने जोडून केलेली ती पाती त्याच वर्षी समुद्रात तुटली. मग ओतीव लोखंडाचा, चार पात्यांचा प्रॉपेलर आला.

इथली ओढाताण अशी आहे. पाती वाढवली की प्रत्येकावरचा भार कमी होतो, थरथरही कमी होते. पण पाण्याशी घर्षण वाढतं, आणि प्रत्येक पातं पुढच्याने घुसळलेल्या पाण्यात फिरतं. पाती कमी केली की उलटं.

१८५२ पासून जहाज ऑस्ट्रेलियाच्या वाऱ्या करू लागलं, आणि आमच्या भाषेत सांगायचं तर रिक्वायरमेंटच बदलली. वाटेत कोळसा मिळणं मुश्कील, म्हणून वारा असेल तेव्हा शिडं वापरायची. पण तेव्हा बंद प्रॉपेलर पाण्यात लोढण्यासारखा अडतो. म्हणून १८५७ मध्ये दोन पाती बसवली. ती उभी करून थांबवायची आणि प्रॉपेलर सरळ वर उचलून घ्यायचा! याच वर्षी उठाव दडपायला निघालेली ब्रिटिश फौज घेऊन हे जहाज आपल्या मुंबईलाही आलं होतं.

१८८२ साली इंजिनच काढलं. पाती शून्य! कोळसा खाणारं जहाज शिडांवर कोळशाची हमाली करू लागलं.

फॉकलंड बेटांवरून १९७० साली त्याचा सांगाडा ब्रिस्टलला परत आणला. आज तिथे त्याला पुन्हा सहा पात्यांची प्रतिकृती लावलेली दिसते. आता कुठे जायचंच नाही म्हटल्यावर सहा काय नि दोन काय! पण जायचं असेल, तर पाती मोजण्याआधी कुठे जायचं आणि वाटेत कोळसा कुठे मिळणार, हे विचारलेलं बरं.