आणेवारीपासून कापणी प्रयोगापर्यंत

नागपूर ही मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होती त्या काळी पिकाची वार्ता सरकारदरबारी पोहोचे ती आणेवारीच्या रूपाने; पटवारी शिवार नजरेखाली घालून भरपूर पिकाच्या मानाने यंदाचे पीक किती आणे ते लिही, आणि तो आकडा तहसिलीतून जिल्ह्याच्या व जिल्ह्यातून सचिवालयाच्या दप्तरात चढत जाई. सारा तहकूब व्हावा की माफ व्हावा हे त्याच आकड्यावर ठरत असल्यामुळे, रयतेचे आणि खजिन्याचे परस्परविरुद्ध हित त्या नजरेला दोहोंकडून ओढीत असे. शिवाय काही प्रांतांत सोळा आणे, तर काहींत बाराच आणे म्हणजे सर्वसाधारण पीक मानीत, त्यामुळे एका प्रांताचा आकडा दुसऱ्याशी ताडून पाहणेही दुर्घट होते.

ही नजर बाजूस सारण्याचा पहिला उद्योग हबॅक या मुलकी अधिकाऱ्याने १९२३ ते १९२५ या काळात बिहार-ओरिसात भातावर केला. पुढे १९४० नंतरच्या वर्षांत वि. गो. पानसे व कळमकर यांनी वऱ्हाडातील अकोला जिल्ह्यात कापसावर तीच दिशा धरली, आणि साताऱ्याकडचे पां. वा. सुखात्मे यांनी कृषि संशोधन परिषदेतर्फे ती देशभर नेली. गाव व शेत यादृच्छिक अंकांनी निवडायचे, शेताच्या कोपऱ्यापासून त्याच अंकांनी सांगितलेली पावले मोजायची, खुंट्या ठोकून व दोर ताणून ३३ फूट लांब व साडेसोळा फूट रुंद, म्हणजे एकराचा ८० वा भाग आखायचा, तेवढेच पीक कापून, मळून तराजूत घालायचे, अशी ती रीत. कोठले शेत भरघोस दिसते हे पाहून निवड करण्यास तीत वावच नव्हता, आणि माझ्या मते तिचे खरे मोल यातच आहे.

परंतु या रीतीने जिल्ह्याचा उतारा, म्हणजे एकरी पीक, भरवशाचा मिळाला तरी तालुक्याचा मिळेना. अनुमानातील चूक कापण्यांच्या संख्येच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात चालते. जिल्ह्यातील १०० कापण्यांपैकी एखाद्या टापूच्या वाट्यास ४ आल्या, तर तेथील चूक सुमारे पाचपट होते. १९५२ नंतर विकासगटांची आखणी झाली आणि गटागटाचा उतारा हवा अशी मागणी आली, तेव्हा दर गटात शेकडो कापण्या करण्याइतकी माणसे व पैसा कोठून आणावा, हा पेच उभा राहिला.

पानसे, राजगोपालन व पिल्लई यांनी १९६६ साली ‘बायोमेट्रिक्स’ या नियतकालिकात नेमक्या याच प्रश्नावर, लहान क्षेत्रांच्या उताऱ्याच्या अनुमानावर, निबंध प्रसिद्ध केला. या विषयात जी एक वाट पुढे रुळली ती अशी : नजरअंदाज पुष्कळ शेतांचा घ्यायचा, कापणी थोड्याच शेतांत करायची, त्या थोड्या शेतांत नजर वास्तवापासून किती ढळते हे समीकरणाने मोजायचे, आणि ती दुरुस्ती उरलेल्या साऱ्या शेतांना लावायची. ज्या नजरेला शास्त्राने पक्षपाती म्हणून दाराबाहेर काढले, तिलाच त्याने साहाय्यक माहिती म्हणून पुन्हा आत घेतले. गावच्या जुन्या जाणकारीस मिळालेला हा न्याय मला फार मोलाचा वाटतो.

अमेरिकेत फे व हेरियट यांनी १९७९ साली लहान वस्त्यांच्या उत्पन्नासाठी, आणि बॅटीज, हार्टर व फुलर यांनी १९८८ साली आयोवातील १२ काउंट्यांच्या मका-सोयाबीनखालील क्षेत्रासाठी उपग्रहचित्रे साहाय्यास घेऊन, हाच विचार अधिक काटेकोर केला. लहान क्षेत्राचा हा प्रश्न आपल्याकडेही जिवंत आहे : नागपूर जिल्ह्यात आज पीकविम्याची भरपाई महसूल मंडळाच्या सरासरी उताऱ्यावर ठरते, आणि बऱ्याच अंशी मंडळातील मोजक्या कापण्यांतून येणाऱ्या त्या सरासरीवर कापूस-सोयाबीनवाल्या शेतकऱ्याचे पुढील वर्षाचे बी-बियाणे अवलंबून असते.