शुद्ध आवाजाचे लेबल आणि काळ्या घामाचा हिशेब

जुलै 2022 मध्ये अमेरिकेतील फिनिक्स शहरात रेकॉर्डचे दुकान चालवणाऱ्या माईक एस्पोसिटो यांनी एक व्हिडिओ टाकला आणि जगभरातील रेकॉर्ड-शौकिनांच्या श्रद्धेला तडा गेला. 'मोबाईल फिडेलिटी साउंड लॅब' ही 1977 साली सुरू झालेली कंपनी. जुने गाजलेले अल्बम मूळ टेपवरून पुन्हा कोरून, उत्तम दर्जाच्या विनाइलवर काढणे हा तिचा धंदा. तिच्या सर्वात महागड्या 'वन-स्टेप' मालिकेतील एक अल्बम सव्वाशे डॉलरला मिळे. लोक एवढे पैसे मोजत, कारण टेपपासून तबकडीपर्यंत सगळे काही ॲनालॉग, मध्ये संगणक नाही, असा त्यांचा समज होता. कंपनीची जाहिरात आणि वेष्टनावरची आकृती तो समज पक्का करत होती. एस्पोसिटो यांचे म्हणणे होते की मध्ये एक डिजिटल पायरी आहे. काही दिवसांतच कंपनीच्या अभियंत्यांनी ते मान्य केले. ही पायरी 2011 पासून वापरात होती.

आता कुणी विचारेल, अमेरिकेतल्या श्रीमंत शौकिनांची फसवणूक झाली, त्याच्याशी आपला काय संबंध? संबंध आहे. या प्रकरणात 'शुद्ध' आणि 'मूळ' हे दोन शब्द बाजारात विकले जात होते. या शब्दांच्या नावाने पिढ्यानपिढ्या काय काय विकले गेले, हे आपल्याइतके कुणाला ठाऊक असणार?

आधी वस्तू समजून घेऊ. चुंबकीय टेपवरचा आवाज एका यंत्राच्या सुईपर्यंत जातो आणि ती सुई लॅकर लावलेल्या मऊ चकतीवर नागमोडी खोबणी कोरते. त्या चकतीवर चांदीचा पातळ थर देऊन निकेलचा साचा काढतात. त्या साच्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा. हा तिसरा साचा म्हणजे स्टॅम्पर, त्याने गरम विनाइलचा गोळा दाबला की तबकडी तयार होते. 'वन-स्टेप'मध्ये मधले साचे गाळून पहिल्याच साच्याने तबकड्या दाबतात. त्यामुळे आवाज जास्त स्वच्छ राहतो, पण एका लॅकरमधून हजारेक प्रतीच निघतात. इथेच कंपनीचे बिंग फुटले. मायकेल जॅक्सनच्या 'थ्रिलर'च्या 40,000 वन-स्टेप प्रती काढू, असे तिने जाहीर केले. साधा हिशेब करणाऱ्यालाही प्रश्न पडला की 40,000 प्रतींसाठी चाळीसेक लॅकर लागतील, तर ती अमूल्य मूळ टेप चाळीस वेळा यंत्रावर कोण चढवू देईल?

यातली गंमत बघा. याच मालिकेत 2016 मध्ये सँटानाचा 'अब्राक्सस' 2,500 प्रतींत निघाला होता. समीक्षकांनी तो डोक्यावर घेतला होता. ज्यांच्या कानांना डिजिटल आवाज लगेच 'टोचतो' असे ते अभिमानाने सांगत, त्यांच्यापैकी कुणालाही अकरा वर्षांत हा 'विटाळ' ऐकू आला नव्हता.

मला इथे गैरसमज नको. फसवणूक ती फसवणूकच. ग्राहकाला अर्धे सत्य सांगून पैसे घेतले गेले, त्यावर खटले झाले, कंपनीने माफी मागितली आणि सुमारे 25 दशलक्ष डॉलरच्या तडजोडीची तयारी दाखवली. ते योग्यच झाले. पण या प्रकरणाने आणखी एक गोष्ट उघडी पाडली. शुद्धता कानात नव्हती, लेबलवर होती. लेबल बदलताच तीच तबकडी, तोच आवाज, तीच खोबणी रातोरात 'बाटली'. शुद्धता वस्तूचा गुण नसतो, ती समाजाने मान्य केलेली प्रतिष्ठा असते, हे समजण्यासाठी समाजशास्त्राचा याहून सोपा धडा मिळणार नाही.

आता शंभर वर्षे मागे जाऊ. ऑगस्ट 1920 मध्ये मॅमी स्मिथ या काळ्या गायिकेने ओके कंपनीसाठी 'क्रेझी ब्लूज' गायले. ते इतके खपले की काळे लोक रेकॉर्ड विकत घेतात, हे गोऱ्या कंपन्यांना प्रथमच कळले. त्यातून 'रेस रेकॉर्ड्स' नावाचा वेगळा कप्पा तयार झाला. गाणारे काळे, घेणारे काळे, नफा घेणारे गोरे. बहुतेक गायकांच्या हातावर एका गाण्यामागे ठरावीक रक्कम टेकवली जाई आणि पुढे रेकॉर्ड कितीही खपली तरी तिच्याशी त्यांचा संबंध उरत नसे.

याला उत्तर म्हणून हॅरी पेस यांनी 1921 मध्ये हार्लेममध्ये 'ब्लॅक स्वान' ही रेकॉर्ड कंपनी उभी केली. मालक काळे, संगीत पाहणारे फ्लेचर हेंडरसन काळे आणि संचालक मंडळावर पेस यांचे गुरू डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस. होय, तेच डू बॉइस ज्यांना बाबासाहेबांनी 1946 मध्ये पत्र लिहून अमेरिकेतील काळ्यांचे आणि भारतातील अस्पृश्यांचे दुःख एकमेकांशी जोडले. म्हणजे लढा फक्त सभेत आणि न्यायालयात होत नव्हता. आपला आवाज कुणाच्या मालकीचा, हा प्रश्न त्या माणसांनी तेव्हाच ओळखला होता.

पण इतिहास लिहायचा तर आपल्या माणसांच्या चुकाही लिहायला हव्यात. ब्लॅक स्वानची जाहिरात असे की खरी काळी रेकॉर्ड फक्त आमची. प्रत्यक्षात 1922 मध्ये कंपनीने एका गोऱ्या कंपनीचा कारखाना आणि जुने साचे विकत घेतले, आणि गोऱ्या कलावंतांची रेकॉर्डिंग खोट्या नावांनी आपल्या लेबलवर विकली. शिवाय बेसी स्मिथ या महान गायिकेला त्यांनी नाकारले. तिचे गाणे त्यांना फार रांगडे वाटले. समाजाची मान उंचावेल असे 'सभ्य' संगीत त्यांना हवे होते. 1923 मध्ये कोलंबिया या गोऱ्या कंपनीने तिला घेतले आणि तिच्या रेकॉर्डवर बक्कळ पैसा कमावला. दडपलेल्या समाजातला शिकलेला वर्ग जेव्हा वरच्यांच्या अभिरुचीच्या फूटपट्टीने आपल्याच माणसांना मोजतो, तेव्हा काय गमावतो, त्याचे हे उदाहरण. ब्लॅक स्वान 1923 च्या अखेरीस दिवाळखोरीत निघाली आणि पुढच्या वर्षी तिचा ठेवा गोऱ्या मालकीच्या पॅरामाउंट कंपनीच्या ताब्यात गेला.

ही पॅरामाउंट म्हणजे विस्कॉन्सिनमधल्या खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्याची शाखा. लाकडी पेटीचे फोनोग्राफ खपावेत म्हणून ते रेकॉर्ड काढत. ब्लाइंड लेमन जेफरसन, चार्ली पॅटन, स्किप जेम्स यांचा आवाज असा खुर्चीच्या कारखान्याच्या दयेवर होता. 1930 च्या मंदीत धंदा बुडाला आणि धातूचे मूळ साचे भंगारात गेले. म्हणून आज त्या संगीताचा पुष्कळसा भाग फक्त जुन्या झिजलेल्या तबकड्यांवरून ऐकावा लागतो. इथे संग्राहकांचे ऋण मान्य केले पाहिजे. अडगळीतून त्या तबकड्या गोळा करणारे वेडे लोक नसते, तर काही गाणी कायमची नाहीशी झाली असती. संग्रह करणे वाईट नाही. संग्रहात कशाची नोंद होते आणि कशाची होत नाही, हा प्रश्न आहे.

त्या काळच्या तबकड्या विनाइलच्या नव्हत्या. विनाइलचा एलपी कोलंबियाने 1948 मध्ये आणला. त्याआधीच्या 78 फेऱ्यांच्या तबकड्या दगडाची पूड, काजळी आणि लाख यांच्या मिश्रणाच्या असत. ही लाख मुख्यतः भारतातून जाई. पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर लाखेचे किडे वाढतात. छोटा नागपूरच्या जंगलातले आदिवासी त्या फांद्या खरवडून लाख गोळा करत आणि ती व्यापाऱ्यांच्या साखळीतून समुद्रापार जाई. दुसऱ्या महायुद्धात पुरवठा अडचणीत आला, तेव्हा 1942 मध्ये अमेरिकन सरकारला रेकॉर्डसाठी लाख वापरण्यावर कडक मर्यादा घालाव्या लागल्या. म्हणजे मिसिसिपीच्या कापूस पिकवणाऱ्या माणसाचा आवाज झारखंडच्या आदिवासीने गोळा केलेल्या लाखेत कोरला जात होता. दोघांनाही एकमेकांचे नाव माहीत नव्हते. ज्याच्या मालकीची तबकडी, त्याचे नाव मात्र मधोमध छापलेले असे.

आता संग्राहकांच्या काशीला येऊ, म्हणजे 'ब्लू नोट' कंपनीकडे. नाझी जर्मनी सोडून आलेल्या आल्फ्रेड लायन यांनी 1939 मध्ये ती न्यूयॉर्कमध्ये सुरू केली, मित्र फ्रान्सिस वुल्फ नंतर येऊन मिळाले. हे लोक संगीतकारांना सरावाचेही पैसे देत. त्या काळात असे करणारे थोडे होते, म्हणून त्यांचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. रूडी व्हॅन गेल्डर हे अभियंते न्यूजर्सीतल्या आपल्या आईवडिलांच्या घरातल्या दिवाणखान्यात ही रेकॉर्डिंग करत. आज त्या पहिल्या प्रतींवर संग्राहक भिंग घेऊन बसतात. लेबलवर कंपनीचा कोणता पत्ता आहे? खोबणी संपल्यावरच्या कोऱ्या पट्ट्यात व्हॅन गेल्डर यांचा शिक्का आहे का? प्लास्टिलाईट कारखान्याची 'कान' म्हणून ओळखली जाणारी खूण आहे का? या खुणा जुळल्या तर किंमत हजारो डॉलरवर जाते.

अशा सर्वात महागड्या तबकड्यांपैकी एक म्हणजे 1568 क्रमांकाची, 1957 मध्ये ध्वनिमुद्रित झालेली हँक मोब्ली यांची. मोब्ली यांचे शेवटचे दिवस आजारपणात आणि दारिद्र्यात गेले, काही काळ तर त्यांना राहायला घर नव्हते. 1986 मध्ये फिलाडेल्फियात ते वारले. तबकडीच्या हातोहात होणाऱ्या जुन्या विक्रीतून वाजवणाऱ्याला एक पैसा मिळत नाही, मिळण्याची कायद्यात सोयही नाही. दरम्यान कंपनी 1960 च्या दशकाच्या मध्यावर लिबर्टीला विकली गेली, पुढे ईएमआयकडे आणि 2012 मध्ये युनिव्हर्सलकडे गेली. टेपांचे मालक बदलत गेले. ज्यांचा श्वास त्या टेपांवर आहे, ते मालक कधीच नव्हते.

कुणी म्हणेल, नवे रीइश्यू निघतात त्यावर तर रॉयल्टी मिळत असेल. मिळते, करारात असेल तशी. आणि करार कसे होते? रेकॉर्डिंगचा खर्च कंपनी कलावंताच्या नावावर कर्ज म्हणून लिहिते आणि रॉयल्टीतून कापून घेते. कर्ज फिटत नाही तोवर हातात काही पडत नाही. सावकाराची वही ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. ही वही इतकी लांबली होती की 2000 पूर्वी करार केलेल्या कलावंतांची जुनी बाकी बाजूला ठेवून त्यांना रॉयल्टी देण्याचे सोनीने 2021 मध्ये जाहीर केले, पाठोपाठ 2022 मध्ये वॉर्नर आणि युनिव्हर्सलने. बीएमजी कंपनीने 2020 मध्ये आपल्या ताब्यात आलेल्या 15 जुन्या लेबलांचे करार तपासले. त्यांपैकी 4 लेबलांमध्ये काळ्या कलावंतांचे रॉयल्टीचे दर गोऱ्यांपेक्षा 1.1 ते 3.4 टक्क्यांच्या फरकाने कमी निघाले. 11 लेबलांत असा फरक सापडला नाही, हेही सांगायला हवे. ही तपासणी जॉर्ज फ्लॉईड यांच्या हत्येनंतर, रस्त्यावर लोक उतरल्यावर झाली. वही आपोआप उघडत नाही.

आता दोन्ही फसवणुकी शेजारी ठेवून पाहा. 1922 मध्ये 'काळेपणाच्या' शुद्धतेचे लेबल खोटे होते, 2011 पासून 'ॲनालॉग' शुद्धतेचे. पहिल्यावेळी एक दुबळी कंपनी जगण्यासाठी धडपडत होती, दुसऱ्यावेळी एक यशस्वी कंपनी ग्राहकाच्या श्रद्धेवर चालत होती, हा फरक मी विसरत नाही. पण दोन्ही ठिकाणी शुद्धतेचा दावा टिकवण्यासाठी लपवाछपवी करावी लागली. शुद्धता ही जगात कुठेच नसल्यामुळे तिचा दावा करणाऱ्याला काहीतरी झाकावेच लागते. आणि डिजिटल प्रत ही काही पाप नाही. 2008 मध्ये युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात लागलेल्या आगीत मास्टर टेपांचे मोठे नुकसान झाले, आणि जगाला ते नीट कळायला न्यूयॉर्क टाइम्सच्या 2019 च्या वृत्ताची वाट पाहावी लागली. टेप जळते, झिजते, चिकटते. तिची चांगली प्रत करून ठेवणे ही त्या कलावंताची सेवा आहे. ती लपवणे हा गुन्हा होता.

माझी सूचना साधी आहे. रेकॉर्ड जरूर ऐका. मोठा, खोल, स्वच्छ आवाज ऐकण्याचा आनंद हा काही फक्त वरच्यांचा हक्क नाही. पण तबकडी 180 ग्रॅमची आहे का, हे विचारताना आणखी दोन प्रश्न विचारा. ही टेप आज कुणाच्या मालकीची आहे? आणि वाजवणाऱ्याच्या घरी यातून काय गेले? आज काही चांगल्या रीइश्यूंच्या वेष्टनावर कोणत्या टेपवरून, कोणी, कोणत्या यंत्रावर कोरले, हे सविस्तर छापतात. 2022 च्या गदारोळाचा तो फायदा. अभियंत्याचे नाव छापता येते, तर कराराची अटही छापता येईल.

आणि हा प्रश्न आपल्या घरातही आणा. आपल्या वस्त्यांमध्ये भीमगीतांच्या जुन्या तबकड्या आणि कॅसेट अजून पेट्यांत पडून आहेत. कितीतरींवर मुख्य गायकाचे नाव आहे, पण ढोलकी, बुलबुल, कोरसवाल्यांचे नाव नाही. किती पैसे मिळाले, हे तर कुठेच नाही. त्यातली काही माणसे अजून हयात आहेत. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी त्यांच्याकडे जावे, कोणत्या गाण्यावर कोण वाजवत होते, कुठे ध्वनिमुद्रण झाले, हातावर काय पडले, हे विचारून वहीत लिहून ठेवावे, आणि तबकडीची एक चांगली प्रत करून घ्यावी. डिजिटल असली तरी चालेल.